‘श्यामची आई’ : एका घराची कादंबरी

मुलांच्या पुस्तकांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात मुलांची काळजी पुष्कळ असते आणि पुस्तकांची थोडी. हे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे की नाही, त्याने कोणते संस्कार होतील, भाषा शुद्ध आहे की नाही, एवढे पाहिले की समीक्षकाचे काम संपले असे मानण्यात येते. या रीतीचा सर्वांत मोठा तोटा ज्या पुस्तकाला झाला, ते म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’. १९३५ साली हे पुस्तक प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्याची पूजा झाली आणि थट्टाही झाली. पूजा करणाऱ्यांनी त्यातली आई उचलली, थट्टा करणाऱ्यांनी त्यातले अश्रू उचलले. दोघांच्याही हातून निसटले ते त्यातले घर.

हे घर खोताचे आहे. कोकणातल्या पालगडचे, एके काळचे खाऊनपिऊन सुखी, चार भावांचे, गाईगुरांचे, गडीमाणसांचे घर. पुस्तक सुरू होते तेव्हा ते बऱ्यापैकी उभे आहे. पुस्तक संपत येते तेव्हा त्याच्यावर जप्ती येते आणि गावात दवंडी पिटली जाते. या दोन टोकांमध्ये जे घडते ते मुलाच्या डोळ्यांदेखत घडते. कुटुंबावर आलेले स्थित्यंतर मुलाला कसे दिसते, त्यात मुलाचा वाटा कोणता, आणि मोठी माणसे त्याला त्यातले किती सांगतात, हे प्रश्न मराठीत इतक्या उघडपणे विचारणारी मुलांची दुसरी कादंबरी माझ्या वाचनात नाही. तिचा विचार कादंबरी म्हणून करावा असे मला वाटते, ते एवढ्याचसाठी.

हे पुस्तक मी पुन्हा काढून वाचले त्याला मी राहतो ते गाव कारण झाले. नवी मुंबईत कुटुंबाचे स्थित्यंतर ही अपवादाची गोष्ट नाही. तो गावाचा पायाच आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. त्या गावांत भातशेती होती, खाडीला बांध घालून राखलेली खाजणे होती, मिठागरे होती, मासेमारी होती. आज तेथे वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर आहे. येथल्या शाळेतल्या एका वर्गात बसलेली मुले पाहिली तर ती दोन प्रकारची आहेत. काहींची घरे दुसरीकडून येथे आली. आजोबा रत्नागिरीकडचे, साताऱ्याकडचे, वडील परळ-लालबागच्या चाळीत वाढलेले, आणि मुलगा अकराव्या मजल्यावर. उरलेल्यांची घरे कोठेही गेली नाहीत. शहरच त्यांच्या दारात आले. दोघांनाही शाळेत ‘श्यामची आई’ वाचायला सांगतात, आणि दोघांनाही सांगतात की ही आईच्या प्रेमाची गोष्ट आहे. तुमच्या घरात जे झाले तसलेच काही या घरात झाले आहे, असे त्यांना कोणी सांगत नाही.

‘श्यामची आई’ ही कादंबरी आहे काय, असा आक्षेप येथे कोणी घेईल. पुस्तकाची रचना रात्रींची आहे. आश्रमातला श्याम रोज रात्री मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. १९३३च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ तारखेपर्यंत अवघ्या पाच दिवसांत हे लेखन झाले, आणि त्या वेगाच्या खुणा त्यावर आहेत. एक आठवण दुसरीला नेहमीच काळाच्या क्रमाने जोडलेली नाही. प्रत्येक रात्रीच्या शेवटी बोध येतो, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. या साऱ्याकडे पाहून हा आठवणींचा संग्रह आहे असे म्हणणे सोपे आहे.

परंतु प्रकरणांची नावे नुसती एकाखाली एक वाचून पाहावीत. आरंभी व्रत आहे, बहिणीचे लग्न आहे, फुले आहेत. मग ‘मोरी गाय’ आणि तिच्या पाठोपाठ ‘पर्णकुटी’. उत्तरार्धात कर्ज, मग गरिबांचे मनोरथ, मग तेल आहे तर मीठ नाही, मग अब्रूचे धिंडवडे, आणि नंतर आईचा शेवटचा आजार. आठवणी मागेपुढे झाल्या तरी घराची पायरी मात्र एकेक उतरतच जाते. सांगणाऱ्याने बोधासाठी आठवणी निवडल्या. पण त्या आठवणींना आतून धरून ठेवणारे सूत्र घराच्या उतरणीचे आहे. कादंबरीला याहून अधिक घट्ट कथानक लागतेच असे नाही.

ही उतरण गुरुजी कशाने दाखवतात हे पाहण्यासारखे आहे. मोठे शब्द ते बोधाच्या जागी वापरतात. घर उतरते तेव्हा मात्र त्यांच्या लेखणीत वस्तू येतात. गाय मरते. वाटण्या होतात आणि घर सोडावे लागते. काही दिवस त्याच गावातल्या आईच्या माहेरी राहणे होते. मग आई हट्ट धरते की माहेरच्या आसऱ्याला राहणे नको, झोपडी असली तरी आपली असावी. आणि मातीच्या भिंतींचे लहानसे घर उभे राहते. कांडपिणीने करायचे काम घरच्या बाईच्या अंगावर येते. पुढे मिठाची आणि तेलाची गाठ पडेनाशी होते. अर्थशास्त्राचा एक शब्द न वापरता एका खालावत चाललेल्या घराचा जमाखर्च येथे मांडलेला आहे, आणि तो दहा वर्षांच्या मुलाला कळेल असा आहे. ‘पत्रावळ’ हे प्रकरण शाळेत स्वावलंबनाचा धडा म्हणून शिकवतात. मुलाने आपली पत्रावळ आपण लावावी हा धडा तेथे आहेच. पण ज्या घरात हाताखालची माणसे कमी होत जाणार आहेत त्या घरातल्या मुलाला हे काम येणे किती निकडीचे होते, हे संबंध पुस्तक वाचल्यावरच उमगते.

येथे एका परक्या पुस्तकाची आठवण होते. इंग्रज लेखिका ई. नेस्बिट यांची ‘द रेल्वे चिल्ड्रेन’ ही १९०६ सालची कादंबरी कुटुंबाच्या स्थित्यंतराची गोष्ट म्हणून जगभर वाचली जाते. तीत लंडनमधल्या सुखवस्तू घरातले वडील एके रात्री नाहीसे होतात, आणि आई तीन मुलांना घेऊन खेड्यातल्या, आगगाडीच्या रुळांजवळच्या घरात राहायला जाते. वडिलांना हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून तुरुंगात टाकलेले आहे. पण आई ते मुलांना सांगत नाही. थोरल्या मुलीला ते जुन्या वर्तमानपत्राच्या कागदावरून कळते. त्या कादंबरीची गोडी या न सांगण्यात आहे. आई गोष्टी लिहून पैसे मिळवते, मुलांना सावरून धरते, आणि दुःखाचा दरवाजा बंद ठेवते. मुले बाहेर, रुळांवर, आपले जग उभारतात.

श्यामच्या आईच्या घराला असा बंद दरवाजाच नाही. सावकाराचा माणूस ओटीवर येऊन बसतो आणि वाटेल ते बोलतो, ते मुलाला ऐकू येते. आईवडिलांचा वाद मुलाला ऐकू येतो. आई रडते ती मुलासमोर रडते. पुस्तकातल्या अश्रूंवर ज्यांचा कटाक्ष आहे त्यांनी हे अश्रू कोठे ढाळले जातात याचाही विचार करावा. दोन खोल्यांच्या घरात रडायला वेगळी जागा नसते. नेस्बिटची आई मुलांचे बालपण राखण्यासाठी सत्य झाकते. श्यामची आई, झाकणे शक्य नसल्यामुळे असो की पटत नसल्यामुळे, सत्य मुलाच्या हातात देते आणि ते कसे धरावे हे शिकवते. दोन्ही रीती प्रेमाच्याच आहेत. मराठी मुलांच्या वाट्याला बहुधा दुसरी येते, आणि तिचा कादंबरीकार त्यांना मिळालेला आहे.

दोन्ही पुस्तकांत मुलाची चोरी आहे हा योगायोगही बोलका आहे. नेस्बिटचा पीटर स्टेशनावरच्या ढिगातून कोळसा आणतो, कारण घरात शेकोटीला कोळसा पुरत नाही. श्याम पैसे चोरतो ते पुस्तकासाठी. प्रकरणाचे नावच ‘मोठा होण्यासाठी चोरी’ असे आहे. घर उतरू लागले की मूल आपल्या परीने त्याला वर उचलू पाहते, आणि त्या धडपडीत त्याचा पाय घसरतो. उपदेश बाजूला ठेवून हे प्रकरण वाचले तर गुरुजींनी केवढी खरी गोष्ट टिपली आहे ते दिसते. हा मुलगा लोभी नाही. आपल्या घराला जे परवडत नाही ते आपल्याला मोठे करील, एवढे त्याला कळलेले आहे.

याच्या जोडीला ‘बंधुप्रेमाची शिकवण’ ठेवावी. दापोलीला शिकत असलेला श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवतो आणि भर पावसात, गणेशचतुर्थीला, तो घेऊन घरी येतो. येथे आईचा पहिला प्रश्न कौतुकाचा नसतो. पैसे कोठून आणलेस, हा असतो. या एका प्रश्नात घराची सारी परिस्थिती आली. ज्या घरात नवा कोट ही शंका घेण्याजोगी वस्तू झालेली आहे, ते घर किती खाली आले हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘आनंदाची दिवाळी’ या प्रकरणातही तेच. भाऊबीजेच्या ओवाळणीच्या पैशांतून आई नवऱ्यासाठी धोतर घेते. दिवाळी साजरी होते. पण ती कोणत्या पैशांवर साजरी झाली हे मुलाला ठाऊक असते. मुलाला हिशेब ठाऊक असावा, ही या कादंबरीची श्रद्धा आहे.

आईच्या मूर्तीवर आपण इतकी फुले वाहिली आहेत की तिची बुद्धी दिसेनाशी झाली. वस्तुतः या घरात होत असलेला बदल जर कोणी ओळखला असेल तर तो तिने. एखादा तुकडा विकून कर्ज फेडून मोकळे व्हावे, असा तिचा आग्रह असतो. वडिलांना ते मानवत नाही. वाडवडिलांची जमीन, खोताचा मान, आणि बायकांना व्यवहारातले काय कळते हा ठाम समज. वडील वाईट नाहीत. गुरुजींनी त्यांनाही ममतेनेच रंगवले आहे. पण एक माणूस गेलेल्या काळाच्या हिशेबाने वागतो आणि दुसरे माणूस आजच्या हिशेबाने, आणि निर्णय मात्र पहिल्याच्या हाती असतो. या घराची शोकांतिका येथे आहे. ‘कोणी कष्ट केले’ यापेक्षा ‘कोणाचे ऐकले गेले नाही’ हे या कादंबरीतले खरे दुःख आहे, आणि संस्काराचे पुस्तक म्हणून वाचताना नेमके हेच आपण गाळतो. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी तिचा चित्रपट केला. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणाऱ्या या चित्रपटाने आईचे रूप महाराष्ट्राच्या मनावर कायमचे ठसवले. पण पडद्यावरची आई प्रेक्षकांना जेवढी आठवते तेवढा कर्जाचा आकडा आठवत नाही.

हे सर्व मान्य केल्यावर पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती अश्रूंची नाही. ती घराच्या उंबरठ्याची आहे.

मथुरी ही कांडपीण आहे, कुळवाडीण आहे. ती तापाने फणफणलेली असते तेव्हा आईचा जीव कळवळतो. हे प्रकरण सुंदर आहे. पण मथुरी आपल्या घरी गेल्यावर काय होते हे कादंबरीला माहीत नाही. तिच्याही घरात मूल असेल, त्या मुलालाही आईचा ताप दिसत असेल. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात आई श्यामला महाराच्या म्हातारीची मोळी उचलून द्यायला सांगते, आणि नंतर घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. आईची माया खरी आहे, तिची चौकटही खरी आहे. गुरुजींनी ती लपवली नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पुढे १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण करणारा माणूस याच आंघोळीच्या चौकटीतून बाहेर पडलेला होता, हे आठवले म्हणजे त्या साध्या प्रसंगाचे वजन कळते.

परंतु खोताचे घर उतरणे ही कुळांच्या घरी कोणती बातमी होती? इतिहासाने याचे उत्तर फार लांबणीवर टाकले नाही. ज्या १९३३ सालच्या फेब्रुवारीत हे पुस्तक लिहून झाले, त्याच वर्षीच्या २७ ऑक्टोबरला कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोत-सावकारांच्या जमिनी न कसण्याचा संप पुकारला. तो १९३९पर्यंत चालला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४९च्या कायद्याने खोती गेली. पालगडच्या घरातल्या मुलाला जो काळ अंधारत चाललेला दिसला, तोच काळ दुसऱ्या ओटीवरच्या मुलाला उजाडताना दिसला असेल. एकाच बदलाच्या या दोन बाजू आहेत. ‘श्यामची आई’ एक बाजू अतिशय सच्चेपणाने सांगते. दुसरी सांगणे तिच्या आवाक्यात नव्हते, आणि ते तिच्याकडून मागणेही न्यायाचे नाही. ते पुढच्या कादंबरीकडून मागितले पाहिजे.

आणि ती मागण्याची जागा नवी मुंबई आहे. कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड, आणि पनवेल-उरण त्याचेच तालुके. ज्या कुळांच्या पोरांनी खोती जाताना पाहिली, त्यांच्याच नातवंडांच्या जमिनी पुढे शहरासाठी संपादन झाल्या. कसेल त्याची जमीन हे वाक्य जुन्या पिढीने ऐकले आणि पुढच्या पिढीने संपादनाची नोटीस वाचली. १९८४च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी जे आंदोलन झाले, त्यात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच माणसे मेली. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. आता विमानतळही झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याच्यासाठी दहा गावांना आपली घरे हलवावी लागली. या साऱ्याविषयी अहवाल आहेत, भाषणे आहेत, खटल्यांचे कागद आहेत. मुलाच्या नजरेतून मात्र हे घर दिसायला हवे.

ते दिसणे सोपे नाही, कारण येथला हिशेब श्यामच्या घरापेक्षा गुंतागुंतीचा आहे. तेथे कर्ज वाढत गेले, दागिना गेला, घर गेले. सारे एकाच दिशेने. येथे जमीन गेली आणि पैसा आला. चुलीच्या जागी गॅस आला, कौलांच्या जागी स्लॅब आली, दारात गाडी आली. आणि भाताची पेरणी, उघाडीवरचे मासे, मिठाचे ढीग गेले. आजी कोणत्या गोष्टीला सुख म्हणते, बाप कोणत्या गोष्टीला म्हणतो, आणि वाटणीवरून काका घरी येईनासा का झाला, हे मुलाला कोण सांगणार? पैसा जाताना भाऊ वेगळे झाले हे श्यामने सांगितले. पैसा येतानाही भाऊ वेगळे होतात हे अजून मुलांच्या कादंबरीत यायचे आहे. आणि त्याच वर्गात बाजूच्या बाकावर बसलेल्या, दुसरीकडून आलेल्या मुलाचे घर याच जमिनीवर उभे आहे. एकाला जे घर मिळाले ते दुसऱ्याच्या शेतावर. तरी दोघांनी डबा वाटून खायचा असतो. एवढे सगळे एका पुस्तकात सामावणारा लेखक लहान असून चालणार नाही.

असे पुस्तक लिहिणाऱ्याने ‘श्यामची आई’पासून काय घ्यावे? तिचे अश्रू घेऊ नयेत. ते गुरुजींचे होते आणि त्यांना शोभले. तिचा रोजच्या रात्रीचा बोधही घेऊ नये. आजचे मूल बोधाच्या जागी पान उलटते. घ्यावा तो तिचा हिशेबीपणा. घरात काय आले, काय गेले, कोणी मागितले, कोणाचे ऐकले गेले नाही, कोट कोणत्या पैशाचा, हे सारे मुलाच्या समोर मांडण्याचे धैर्य घ्यावे. मुलांना दुःख कळू नये म्हणून आपण त्यांच्यासाठी गोड पुस्तके लिहितो, आणि ती मुले दाराआडून सारे ऐकत असतात. ऐकलेले समजून घ्यायला त्यांना कोणाची तरी सोबत लागते.

आणि वाचणाऱ्यांना, विशेषतः शिक्षकांना, एक विनंती. पुढल्या वेळी हे पुस्तक वर्गात निघेल तेव्हा आईने काय शिकवले एवढेच विचारू नये. हे घर पहिल्या रात्री कोठे होते आणि शेवटी कोठे येते, आणि मधल्या वाटेवर काय काय विकले गेले, याची यादी मुलांना करायला सांगावी. मग त्यांना स्वतःच्या घराची यादी करावीशी वाटेल. त्यांतले एखादे मूल उद्या ती लिहून काढील. आणि त्यात मथुरीच्या घरची बाजूही आली, तर पालगडच्या त्या घराची राहिलेली अर्धी गोष्ट पुरी होईल.